नाव आठवत नाही? लाजू नका, विचारा!

 

एरवी आपण इथे कर्जाचे हप्ते, शेळ्यांच्या लसी, पोरांचं खाणंपिणं अशा विषयांवर बोलतो. आजचा विषय ऐकून तुम्हाला आधी हसू येईल. विषय आहे, ओळखीच्या बाईचं नाव ऐन वेळी न आठवणं.

हसा खुशाल, पण आपल्यातली प्रत्येक जण यातून गेलेली आहे. लग्नाच्या मांडवात कुणीतरी समोर येते, हात हातात घेते. "कशी आहेस गं? सासूबाईंचे गुडघे कसे आहेत आता?" असं मायेनं विचारते. चेहरा पक्का ओळखीचा असतो. तिचं गाव कुठलं, तिची म्हैस मागच्या साली कशी अडली होती, तेही आठवतं. आठवत नाही ते फक्त नाव. आणि नेमकी त्याच वेळी आपली जाऊ शेजारी येऊन उभी राहते आणि विचारते, "ह्या कोण गं?" झालं! तोंडचं पाणीच पळतं.

एवढ्याशा गोष्टीनं काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. पण बिघडतं. जिचं नाव आपण विसरलो, तिला वाटतं, "गटाची अध्यक्ष झाली आणि हिला शिंगं फुटली. आता ओळखसुद्धा दाखवत नाही." आणि जी विसरते, ती लाजेपायी तोंड चुकवायला लागते. बाजारात ती बाई दिसली की दुसऱ्या गल्लीनं जाते. तालुक्याच्या मेळाव्याला जायचं टाळते, कारण तिथे पन्नास जणी भेटणार आणि पन्नास नावं लागणार. आमच्याशी बोलताना कितीतरी जणींनी हेच सांगितलं. "आम्ही शिकलेल्या नाही, आमचं डोकंच चालत नाही," असं त्या म्हणाल्या. म्हणून आज मुद्दाम हा विषय घेतलाय. नाव विसरण्याचा आणि शिकण्याचा काही संबंध नाही. ते का होतं, ते समजून घेऊ या.

नावच का अडतं?

आपल्या डोक्यात एखादी गोष्ट टिकते ती धाग्यांवर. एका गोष्टीला जितके धागे बांधलेले, तितकी ती लवकर हाताला लागते. 'सुतार' हा शब्द घ्या. कुणी सांगितलं की हा माणूस सुतारकाम करतो, तर डोळ्यांपुढे काय काय येतं! रंधा, करवत, लाकडाचा भुसा, त्याचा वास, आपल्या दाराची चौकट. पण कुणी सांगितलं की ह्यांचं आडनाव सुतार, तर काहीच येत नाही. ते सुतार कदाचित शाळेत शिकवत असतील नाहीतर एसटीत कंडक्टर असतील. शब्द तोच, पण कामाचा शब्द म्हणून त्याला दहा धागे आहेत आणि आडनाव म्हणून एकही नाही.

ब्रिटनमधल्या संशोधकांनी १९८७ साली हेच तपासून पाहिलं. त्यांनी लोकांना अनोळखी माणसांचे फोटो दाखवले, सोबत त्यांचं आडनाव आणि काम सांगितलं. गंमत अशी की काही शब्द कधी आडनाव म्हणून दिले, तर कधी काम म्हणून. म्हणजे कुणाला सांगितलं की हा बेकर आडनावाचा, तर कुणाला सांगितलं की हा पाव भाजणारा बेकर. शब्द एकच असूनही काम म्हणून सांगितलं तेव्हा लोकांना तो जास्त आठवला आणि आडनाव म्हणून सांगितलं तेव्हा कमी. म्हणजे दोष आपल्या डोक्यात नाही. नाव ही वस्तूच निसरडी आहे.

दुसरं म्हणजे नावाला पर्याय नसतो. 'घमेलं' हा शब्द आठवला नाही तर आपण 'पाटी' म्हणतो आणि काम भागतं. पण मंगलला मंगलच म्हणावं लागतं. तिथे सुनंदा चालत नाही. एकच शब्द, तोच हवा आणि त्याच घटकेला हवा. मग तो अडला की सगळंच अडतं.

चेहऱ्याचं तसं नाही. चेहरा समोर असतो, आपल्याला तो फक्त ओळखायचा असतो. नाव मात्र आतून काढून आणावं लागतं. धान्याचं पोतं समोर असलं की त्यात ज्वारी आहे का बाजरी, हे लगेच कळतं. पण अंधाऱ्या बळदातून नेमकं बियाण्याचं गाठोडं शोधून आणायचं तर वेळ लागतोच ना? तसंच हे आहे.

जिभेवर आहे, पण ओठांवर येत नाही

कधी कधी नाव अगदी जिभेवर असतं. "म वरून काहीतरी आहे गं, तीन अक्षरी..." इथवर येतं आणि तिथेच थांबतं. अमेरिकेतल्या रॉजर ब्राऊन आणि डेव्हिड मॅकनील या दोन अभ्यासकांनी १९६६ साली या गोष्टीचा अभ्यास केला. त्यांनी विद्यार्थ्यांना कमी वापरातल्या शब्दांचे अर्थ वाचून दाखवले आणि शब्द ओळखायला सांगितले. ज्यांचा शब्द जिभेवर अडला होता, त्यांतल्या पुष्कळांना त्या शब्दाचं पहिलं अक्षर किंवा शब्द केवढा लांब आहे ते बरोबर सांगता आलं. म्हणजे शब्द हरवलेला नसतो. तो आतच असतो, फक्त दार अडकलेलं असतं.

अशा वेळी आणखी एक घोळ होतो. भलतंच नाव पुढे येऊन उभं राहतं. हवी असते 'मंदा' आणि डोक्यात सारखी 'नंदा, नंदा' वाजत राहते. जितका जोर लावावा तितकी नंदा दार अडवून बसते. मग आपण विषय सोडून देतो, घरी जाऊन भांडी घासायला बसतो आणि एकदम आठवतं, "अगं बाई, मंदा!" जोर सोडला की आडवं आलेलं नाव बाजूला होतं आणि खरं नाव वर येतं. म्हणून ऐन वेळी कपाळाला हात लावून डोकं शिणवण्यात अर्थ नसतो.

जागा बदलली की ओळख अडते

दर सोमवारी आपण जिच्याकडून भाजी घेतो, ती बाई एक दिवस एसटीत शेजारी येऊन बसते. टोपली नाही, तराजू नाही, अंगावर ठेवणीतली साडी. चेहरा बघून वाटतं की हिला कुठेतरी पाहिलंय, पण कुठे ते उमगत नाही. यावरही अभ्यासकांनी लिहून ठेवलंय. जॉर्ज मँडलर नावाच्या अभ्यासकानं १९८० साली नेमकं असंच उदाहरण दिलं होतं. बसमध्ये एक ओळखीचा चेहरा दिसतो, कोण ते काही केल्या आठवत नाही आणि शेवटी ध्यानात येतं की हा तर दुकानातला खाटीक! आपण माणसाला एकट्याला लक्षात ठेवत नाही. त्याची जागा, त्याचं काम, त्याच्या आजूबाजूच्या वस्तू, सगळं मिळून लक्षात ठेवतो. जागा बदलली की धागे तुटतात.

याचा उलटा उपयोगही होतो. बाई ओळखीची वाटली आणि नाव आठवेना, तर मनातल्या मनात तिला वेगवेगळ्या जागी बसवून बघा. दवाखान्याच्या बाकावर, बँकेच्या रांगेत, माहेरच्या विहिरीवर, शाळेच्या पालकसभेत. बरोबर जागा सापडली की पुष्कळदा नावही सापडतं.

मुळात नाव ऐकलंच नव्हतं

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. पुष्कळ वेळा आपण नाव विसरत नाही, ते आपल्या कानात शिरलेलंच नसतं. प्रशिक्षणाला गेलं की पहिल्या दिवशी सगळ्या जणी गोल करून बसतात आणि एकेक जण आपलं नाव, गाव, गट सांगते. आपली पाळी जवळ आली की छातीत धडधडायला लागतं. "नाव सांगू, मग गाव सांगू, गटाचं नाव नीट सांगता येईल ना?" असं मनात घोकणं चालू असतं. आपल्या आधीच्या बाईनं काय सांगितलं ते ऐकतंय कोण? माल्कम ब्रेनर यांनी १९७३ साली हे तपासलं होतं. लोकांना पाळीपाळीनं शब्द मोठ्यानं वाचायला दिले. नंतर विचारलं तर ज्याला त्याला स्वतःच्या पाळीच्या जरा आधी वाचलेले शब्द सगळ्यात कमी आठवत होते. म्हणजे शेजारी बसलेल्या बाईचंच नाव आपल्याला येत नाही, याचं कारण आपली भीती आहे. यावर उपाय सोपा. आपली पाळी होऊन गेली की शेजारणीकडे वळायचं आणि म्हणायचं, "ताई, माझं सगळं लक्ष माझ्याच पाळीकडे होतं. तुमचं नाव परत सांगा बरं." बघा, तीही हसेल आणि म्हणेल, "मलाही तुमचं आठवत नाही!"

आपल्या बायकांच्या नावांची गोष्ट

आत्तापर्यंत सांगितलं ते जगात सगळीकडे सारखं. पण आपल्याकडे बायकांच्या नावाला आणखी एक गाठ आहे. लग्न झालं की ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं नवं नाव लिहायची पद्धत अजून पुष्कळ घरांत आहे. माहेरची 'शालन' सासरी 'वैशाली' होते. आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, वडिलांच्या जागी नवरा येतो. पुढे पोर झालं की ती 'बाळूची आई' होते. वडीलधाऱ्यांना नावानं हाक मारायची नाही, म्हणून ती कुणाची वहिनी, कुणाची काकी, कुणाची मामी. नवऱ्यानं 'अगं' म्हणायचं आणि तिनं नवऱ्याचं नाव उखाण्यातच घ्यायचं. वीस वर्षं शेजारी राहूनही एकमेकींची नावं ठाऊक नाहीत, असं होतं ते यामुळे. ते विसरणं नाही. ते नाव कुणी कधी उच्चारलंच नव्हतं.

'ताई', 'मावशी', 'आक्का' म्हणण्यात माया आहे, मान आहे. ते सोडा असं आम्ही म्हणत नाही. पण नुसतं तेवढ्यावर भागत नाही. विचार करा, शेजारची बाई शेतात चक्कर येऊन पडली. १०८ ची गाडी बोलावली. दवाखान्यात केसपेपर काढताना नाव विचारलं आणि सोबत गेलेल्या चौघी एकमेकींकडे बघत राहिल्या. एक म्हणते 'पिंट्याची आई', दुसरी म्हणते 'खालच्या आळीची वहिनी'. कागदावर काय लिहायचं? जुने कागद, जुने उपचार, आधारकार्डावरचं नाव, सगळं शोधायला वेळ जातो. बँकेत, रेशनवर, पीकविम्याच्या यादीत हीच तऱ्हा. माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर आणि गल्लीत तिसरंच. नाव माहीत असणं ही नुसती रीतभात नाही, ती अडीनडीची सोय आहे.

नावाची किंमत काय असते, हे सातारा जिल्ह्यानं आपल्याला दाखवलंय. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून काही घरांत तिचं नावच 'नकुशी', 'नकुसा' ठेवायचे. म्हणजे नको असलेली. २०११ साली तिथे अशा अडीचशेहून जास्त मुलींना समारंभ करून नवी नावं दिली. पुष्कळ मुलींनी स्वतःचं नाव स्वतः निवडलं. आणि अलीकडची गोष्ट म्हणजे महाराष्ट्र सरकारनं ठरवलं की १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदपत्रांवर बाळाच्या नावानंतर आईचं नाव येईल, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. म्हणजे आईचं नाव आता कागदावर आलं. ते गल्लीतही आलं पाहिजे की नको?

ऐन वेळी काय करावं?

समोर बाई उभी आहे, नाव आठवत नाही. आता काय?

पहिली गोष्ट, बोलणं तोडू नका आणि तोंड फिरवू नका. 'ताई', 'मावशी' म्हणून बोला. नावापेक्षा तिला आपली आपुलकी आधी दिसते.

दुसरी, सरळ विचारा आणि लवकर विचारा. पहिल्या दोन मिनिटांत विचारलं तर अवघड वाटत नाही. अर्धा तास गप्पा मारून, सोबत चहा पिऊन मग विचारलं तर दोघींनाही अवघडल्यासारखं होतं. आणि विचारताना जे आठवतं ते आधी सांगा. "ताई, मागच्या हळदीकुंकवाला आपण शेजारी बसलो होतो, तुमची धाकटी नर्सिंगला होती. एवढं सगळं ध्यानात आहे, पण तुमचं नाव काही ओठांवर येईना. सांगा बरं." यात विसरल्याचं राहतं बाजूला. आपली लेक हिच्या ध्यानात आहे, हेच त्या बाईला आवडतं.

तिसरी, दोघींची ओळख करून द्यायची वेळ आली आणि एकीचंच नाव आठवत असेल, तर आठवतं ते आधी सांगा. "ही माझी जाऊ, रेखा." एवढं म्हणून समोरच्या बाईकडे हसून बघा. बहुतेक वेळा ती आपणहून म्हणते, "मी सिंधू." नाही म्हणाली तर म्हणा, "आता तुमच्याच तोंडानं तुमचं नाव सांगा."

चौथी, फोनचा उपयोग करा. "तुमचा नंबर लिहून घेते, पूर्ण नाव सांगा, म्हणजे परत चुकायला नको." पण एक सांगतो, फोनमध्ये 'पापडवाली', 'दूधवाली', 'बँकवाल्या मॅडम' असं लिहून ठेवू नका. नाव लिहा आणि पुढे खूण लिहा, 'सिंधूताई पापड' अशी. तिचा फोन आला की दर वेळी नाव डोळ्यांपुढे येईल. न शिकता पाठ होईल.

आता काय करू नये तेही सांगतो. अंदाजानं नाव ठोकून देऊ नका. नाव न घेण्यापेक्षा चुकीचं नाव जास्त लागतं. एखादीला तिच्या गेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारली, दुसरेपणाच्या बायकोला पहिलीच्या नावानं बोलावलं, तर तिच्या मनाला काय होईल? आणि नाव आठवत नाही म्हणून 'ती काळी', 'ती लंगडी', 'ती नवऱ्यानं टाकलेली', 'ती अमक्या जातीची' अशी खूण तर कधीच सांगू नका. खूण सांगायचीच तर तिच्या कामाची सांगा. 'ती सुंदर गोधड्या शिवते ती', 'ती बैठकीत हिशोब वाचते ती'. खूणही पटते आणि मानही राहतो.

समोरच्या बाईनं काय करावं?

आता जिचं नाव विसरलं गेलं, तिच्याशी दोन शब्द बोलायचे आहेत. कारण आज आपण विसरणाऱ्या आहोत, उद्या विसरल्या जाणाऱ्या असणार.

"ओळखलंस का मला? सांग बरं मी कोण?" हा प्रश्न आपल्याकडे फार आवडीचा. विचारणारीला गंमत वाटते आणि ऐकणारीला घाम फुटतो. भेट झाली की परीक्षा कशाला घ्यायची? त्यापेक्षा आपणच नाव सांगून बोलायला सुरुवात करावी. "नमस्कार ताई, मी सिंधू. आपण पंचायत समितीत भेटलो होतो." यात कमीपणा काहीच नाही. समोरचीच्या डोक्यावरचं ओझं एका वाक्यात उतरतं. फोन केल्यावरही "मी बोलतेय" एवढं म्हणून थांबू नका. मी म्हणजे कोण, ते सांगा.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत तर हे फारच ध्यानात ठेवा. पाहुणे आले की पोरं आजीला घेरतात आणि विचारतात, "आजी, सांग हे कोण?" तिला आठवलं नाही की सगळे हसतात. आजी हसते, पण आतून खचते. हळूहळू ती चारचौघांत येऊन बसायचंच सोडते. त्यापेक्षा नातवंडांनाच सवय लावा. जवळ जाऊन, तिच्या डोळ्यांपुढे बसून सांगायचं, "आजी, मी गणेश, तुझ्या लेकीचा मुलगा." आजीला नाव सापडतं आणि तिचा मानही राहतो.

आणि आपलं नाव कुणी विसरलंच, तर लगेच 'गर्व झालाय' असं म्हणू नका. वर सांगितलंच आहे, बाकी सगळं आठवूनही एकटं नावच निसटतं.

नाव लक्षात राहावं म्हणून

थोडी सवय लावली तर नावं पुष्कळ टिकतात. हे उपाय करून बघा.

नाव ऐकलं की ते लगेच मोठ्यानं परत म्हणा. "कौसल्याताई ना? बरं वाटलं भेटून, कौसल्याताई." ऐकण्यापेक्षा स्वतःच्या तोंडून निघालेलं जास्त टिकतं. नीट ऐकू आलं नसेल तर तेव्हाच विचारा.

मग नावाला धागा बांधा. आपल्या आत्याचं नावही कौसल्या असेल, तर मनात दोघींना शेजारी बसवा. पुष्पाताईंच्या केसांत अबोलीचा गजरा माळून बघा. लक्ष्मीताईंच्या हातात कमळ द्या. चित्र वेडंवाकडं असलं तरी चालतं. ते आपल्या मनातच राहणार आहे.

तिसरं, ते नाव मधूनमधून स्वतःला विचारा. आणि हे विचारणं हळूहळू लांबवत न्यावं. लँडाउअर आणि बियॉर्क या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९७८ साली लोकांना नावं शिकवून हे दाखवलं. नाव ऐकल्यावर लगेच एकदा आठवायचं, मग थोडं थांबून, मग आणखी जास्त थांबून. अशानं नावं चांगली लक्षात राहिली. आपण काय करायचं? मेळाव्यात नाव ऐकलं, मिनिटाभरानं मनात म्हटलं. जेवणाच्या सुट्टीत एकदा आठवलं. परतताना गाडीत आठवलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर दिवसभरात भेटलेल्या जणी डोळ्यांपुढे आणल्या आणि त्यांना नावानं हाका मारल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी परत एकदा. एवढं पुरतं.

आणि आपल्याकडे तर एक जुनं हत्यार आहेच, उखाणा! यमकात बसवलेलं नाव सहसा विसरत नाही. उखाणा नवऱ्यापुरताच कशाला? गटातल्या मैत्रिणीसाठी घ्या. आम्ही एक जुळवलाय, ऐका: "शेवग्याच्या शेंगांची आमटी झाली झक्क, शिवणाच्या मशीनवर सरूताईंचा हक्क!" नाव आणि काम, दोन्ही एका दमात पाठ. पुढच्या वेळी मशीन दिसली की सरूताईच आठवणार.

डॉक्टरांकडे कधी जावं?

वय वाढतं तसं नाव जिभेवर अडण्याची वेळ जास्त येते. ते साधं आहे. नाव अडलं आणि नंतर आठवलं, तर काळजी करू नका.

पाळी जायच्या वयात काही जणींना विसरल्यासारखं वाटतं. झोप पुरी झाली नाही, घरात ताण असला, दुःख मनात साठलं, तरी डोकं जागेवर राहत नाही. अंगात रक्त कमी असणं, थायरॉइडचा त्रास, बी-१२ जीवनसत्त्व कमी पडणं, यांनीही विसरायला होतं. बी-१२ दूध, अंडी, मांस-मासळी यांतून मिळतं. घरातलं दूध डेअरीला जातं आणि आपल्या वाट्याला कोरा चहा येतो, असं ज्यांच्याकडे होतं त्यांनी इकडे लक्ष द्यावं. यातल्या पुष्कळ गोष्टी रक्ताच्या तपासणीत कळतात आणि औषधानं बऱ्या होतात. आशाताईंना विचारा, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

पण एखादी व्यक्ती रोज भेटणाऱ्या घरच्या माणसांना ओळखेनाशी झाली, नेहमीच्या वाटेवर चुकायला लागली, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागली, आयुष्यभर केलेला स्वयंपाक किंवा पैशांचा हिशोब जमेनासा झाला, तर मात्र 'म्हातारपण आहे' म्हणून सोडून देऊ नका. तो स्मृतिभ्रंशाचा आजार असू शकतो. डॉक्टरांना लवकर दाखवलं तर बरीच मदत होते. आणि हे विसरणं एकाएकी सुरू झालं, सोबत बोलणं अडखळलं किंवा तोंड वाकडं झालं, तर एक घटकाही न थांबता दवाखाना गाठा. मनावर ताण फार असेल तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस फोन आहे. त्यावर बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

गटाच्या बैठकीत हे करा

मैत्रिणींनो, आता या आठवड्याचं काम सांगतो. पुढच्या बैठकीत हजेरी घेताना अध्यक्ष-सचिवांनी प्रत्येकीचं पूर्ण नाव मोठ्यानं घ्यावं. 'हजर' एवढंच न म्हणता तिनं आपलं माहेरचं नावही सांगावं. बघा, किती जणींना ते पहिल्यांदा कळतं!

मग गटाच्या वहीत एक पान करा. चार रकाने आखा: आधारकार्डावरचं नाव, हाकेचं नाव, माहेरचं नाव आणि अडीअडचणीला बोलवायच्या घरच्या माणसाचा फोन. गटात दोन सुनीता असतील, दोन मंगल असतील, तर पूर्ण नावाशिवाय कुणाचाही हप्ता लिहू नका. एकीचा हप्ता दुसरीच्या नावावर पडला की नाव आठवेपर्यंत भांडण होऊन बसतं.

जिला लिहिता येत नाही, तिला तिचं नाव काढायला शिकवा. जिला जमतं, तिनं घराच्या दारावर आपल्या नावाची पाटी लावायचा विषय घरी काढून बघावा. आणि शेवटी प्रत्येकीनं शेजारच्या मैत्रिणीच्या नावाचा एक उखाणा घ्यावा.

चर्चेला हे प्रश्न घ्या. तुम्हाला कुठल्या नावानं हाक मारलेली आवडते? ते नाव शेवटचं कुणी आणि कधी घेतलं? तुमच्या गल्लीतल्या कुठल्या बाईचं नाव तुम्हाला आजही ठाऊक नाही? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की उठा, तिच्या दारात जा आणि विचारा, "ताई, इतकी वर्षं शेजारी राहतो, तुमचं नाव कधी विचारलंच नाही. काय नाव तुमचं?"

तिनं काय सांगितलं ते आम्हाला नक्की कळवा. नमस्कार!